कॅमेरा तोच ठेवा, दुपार बदला

पत्र : मी चोपडा तालुक्यातला. दहा वर्षं लग्नांची शूटिंगं करतोय. आता मित्रांनी मिळून शंभर मिनिटांचा अहिराणी सिनेमा करायचं ठरवलंय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीची गोष्ट आहे. सगळे मिळून हाताशी आठ लाख. एप्रिल-मेमध्ये वीस दिवस शूटिंग. परवा केळीच्या बागेत आणि घरात चाचणी घेतली. चित्र स्वच्छ आहे, धारदार आहे, पण लग्नाची कॅसेटच वाटते, सिनेमा वाटत नाही. एक जण म्हणतो, मुंबईहून मोठा कॅमेरा भाड्याने आणा, दीड लाख जातील. दुसरा म्हणतो, फिल्मचा ‘लट’ (LUT, चित्राचे रंग बदलणारी तयार फाइल) विकत घ्या आणि टाका. माझा मिररलेस कॅमेरा १० बिट लॉग (नंतर रंग करायला जास्त माहिती राखणारं फिकट चित्र) देतो. काय करू?

उत्तर :

भाऊ, दोन्ही नको. १० बिट लॉग देणारा कॅमेरा तुमच्या सिनेमाला पुरेसा आहे. ते दीड लाख आवाजाच्या माणसावर, चांगल्या फिल्टरवर, कापडावर आणि दोन दिवे जास्त आणण्यावर घाला. मोठा कॅमेरा आणून मे महिन्यात दुपारी साडेबाराला अंगणात उभा केलात, तर तोही लग्नाची कॅसेटच काढेल, फक्त जास्त महागाची.

‘धारदार’ हा शब्द तुम्ही कौतुकाने लिहिलाय, पण दुखणं तिथेच आहे. कॅमेरा चित्राच्या प्रत्येक कडेला आतल्या आत एक बारीक पांढरी-काळी रेघ मारतो. त्याला शार्पनिंग म्हणतात. केसांच्या कडेला, साडीच्या काठाला, केळीच्या पानाच्या धारेला ती दिसते आणि डोळ्याला लगेच कळतं की हा व्हिडिओ आहे. फिल्मवर अशी रेघ नसते. मेनूत जाऊन शार्पनेस सगळ्यात खाली न्या, नॉइज रिडक्शन बंद किंवा कमीत कमी करा, आणि लग्नासाठी चेहरा गुळगुळीत करणारं जे काही चालू असेल तेही बंद करा. नंतर एडिटमध्ये हवी तेवढी धार देता येते, आत भाजलेली धार काढता येत नाही.

लग्नाच्या सवयींपैकी दुसरी सेकंदाला ५० फ्रेमची. स्लो करायला सोपं म्हणून सगळं ५० वर काढायचं आणि तसंच दाखवायचं, की झाली मालिका. सिनेमासाठी २४ फ्रेम घ्या आणि शटर १/५० वर कायमचं बांधून टाका. हालचालीत जी किंचित पुसटता डोळ्याला ओळखीची वाटते ती अर्ध्या फ्रेमच्या वेळेतून येते, म्हणजे २४ फ्रेमला १/४८. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. १/५० मध्ये बरोबर दोन मिणमिण पूर्ण बसतात, म्हणून पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. एक गोष्ट आधीच बघून ठेवा : तुमच्या कॅमेऱ्याचं ‘२४’ हे खरं २४.०० आहे की २३.९७६. थिएटरची डीसीपी (पडद्यावर चालवायची डिजिटल प्रत) २४ वर चालते आणि शंभर मिनिटांत या दोघांत सहा सेकंदांचा फरक पडतो. काहीही निवडा, पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच, आणि एडिटची टाइमलाइनही पहिल्याच दिवशी त्याच आकड्यावर उघडा. रिझॉल्व्हमध्ये (एडिट आणि रंगाचं सॉफ्टवेअर) क्लिपा आत आल्यावर तो आकडा बदलता येत नाही.

शटर १/५० ला बांधलं की खानदेशातल्या उन्हात पहिला प्रश्न उभा राहतो : एवढा उजेड घालवायचा कुठे? हिशेब करा. आयएसओ ८००, शटर १/५०, अॅपर्चर एफ ४. लख्ख उन्हात तुम्हाला आठ स्टॉप उजेड कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे २.४ चा एनडी, उजेड अडवणारा काळसर फिल्टर. एफ ५.६ ला सात स्टॉप, २.१. म्हणून एनडी शिवाय आलेले लोक शटर १/२००० वर नेतात आणि माणसं पडद्यावर झटके देत चालतात. फिरवायचा व्हेरिएबल एनडी लग्नात चालतो, पण त्याच्या शेवटच्या टोकाला आकाशात काळी फुली उमटते आणि रंगही पिवळसर होतो. ठरावीक ताकदीचे दोन-तीन फिल्टर घ्या, ०.९, १.८ आणि २.४, आणि घेताना इन्फ्रारेड अडवणारे आहेत ना, ते विचारा. साधा जाड एनडी डोळ्याला दिसणारा उजेड कापतो, इन्फ्रारेड तसाच सोडतो. मग सिंथेटिक काळा कपडा पडद्यावर तपकिरी-मरून दिसतो. सुती काळा काळाच राहतो. एकाच फ्रेममध्ये दोन बायका, दोघींच्या साड्या काळ्या, एक मरून दिसतेय, असं झालं की रंग दुरुस्त करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

आता मुख्य गोष्ट, वेळ. जळगाव-चोपडा भाग साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. चेहऱ्यावर त्याचा अर्थ असा की कपाळ आणि नाकाचा शेंडा पेटलेला आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार. नटाचे डोळेच दिसले नाहीत तर अभिनय दिसणार कसा? डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो. दिवसभर तिरका, वापरता येण्याजोगा उजेड, आणि थंडीत युनिटही दमत नाही.

म्हणून आमचा आग्रह आहे की वीस दिवस फोडा. आखाजीचे झोके, नांगरून पडलेली काळी शेतं, तापलेले रस्ते, बाहेरचं एवढंच एप्रिल-मेमध्ये सात-आठ दिवसांत काढा. घरातले, बागेतले, संवादाचे बहुतेक प्रसंग डिसेंबर-जानेवारीत ढकला. केळीची बाग बारा महिने हिरवी असते, प्रेक्षकाला महिना कळणार नाही. मात्र डिसेंबरात बाहेरचं शेत फ्रेममध्ये येऊ देऊ नका, तिथे गहू-हरभरा उभा असेल.

उन्हाळ्यातल्या दिवसांची घडी अशी लावा : सकाळी साडेसहा ते साडेनऊ बाहेर, दहा ते चार घरात, साडेचार ते सूर्यास्त पुन्हा बाहेर. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटं निळसर उजेड टिकतो. त्यात एकच शॉट ठरवून, तालीम करून घ्या. दोन घ्यायला गेलात तर दोन्ही अर्धे राहतात. आणि उन्हात शक्य तितकं सूर्याकडे तोंड करून शूट करा, म्हणजे ऊन नटाच्या पाठीमागून, खांद्यावर आणि केसांवर यावं. लग्नात आपण सूर्य पाठीशी घेतो, कारण चेहरा स्वच्छ दिसायला हवा असतो. इथे चेहऱ्याची सावलीची बाजू कॅमेऱ्याकडे हवी. सपाट समोरचा उजेड हाच कॅसेटचा उजेड. कॅमेऱ्यावरची ती छोटी एलईडी पाटी तर घरीच ठेवून या.

भर उन्हात शूट करणं टळतच नसेल तर डोक्यावर कापड ताणा. बाजारातली चौकट भाड्याने आणायची गरज नाही. शेतावर पडलेला ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या, आठ फुटी चार तुकडे, चार एल्बो, झाली चौकट. अर्ध्या इंची पाइप घेऊ नका, तो मधोमध वाकतो आणि कापडाला झोळ पडतो. त्यावर पांढरी पातळ मलमल ताणा. नीळ दिलेलं कापड नको, चेहरा निळसर पडतो. कोरं मांजरपाट चालतं, पण ते उजेड जास्त खातं आणि थोडं पिवळं दिसतं, म्हणून एका प्रसंगात दोन कापडं मिसळू नका. चारही कोपऱ्यांना दोर आणि प्रत्येक दोराला मातीने भरलेली खताची गोणी, वीस किलोच्या खाली नाही. मे महिन्यात दुपारी वावटळ उठते तेव्हा चौसष्ट चौरस फूट कापड म्हणजे शिडच असतं, ते माणसाच्या डोक्यात आलं तर शूटिंग तिथेच संपतं. एक माणूस फक्त कापडावर नेमा. शेडनेटची हिरवी जाळी मात्र डोक्यावर कधीच नको, सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात.

हिरव्यावरून तुमच्या बागेची चाचणी. केळीखाली उजेड पानातून गाळून येतो आणि खालून ओल्या जमिनीवरून, बाजूच्या पानांवरून परत उसळतो. तो सगळा हिरवा. त्वचेचा रंग त्यात मरतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हे हिरवं मारायला जातो आणि प्रत्येक शॉटमध्ये वेगळं मारतो. बॅलन्स ५६०० केल्विनवर बांधा. नटाला दोन ओळींच्या मधल्या जागेत, पानांपासून चार-पाच हात दूर उभं करा. ज्या बाजूने हिरवं उसळतंय त्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळं कापड उभं करा. मग मोकळ्या आकाशाचा उजेड पांढऱ्या थर्माकोलच्या पत्र्यावरून चेहऱ्यावर आणा. काळं कापड हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे. उजेड वाढवायला सगळे धावतात, कमी करायला कोणी जात नाही. पानांची चमक कमी करायला पोलरायझर लावता येतो, त्याने हिरवा रंग गडद होतो, पण दीड स्टॉप उजेड जातो आणि कातडीची नैसर्गिक चमकही पुसली जाते. लांबच्या शॉटला लावा, जवळच्या चेहऱ्याला काढा.

उजेडाचं माप सांगतो. लॉगवर बघायचा लट लावून मॉनिटरवर वेव्हफॉर्म किंवा फॉल्स कलर (चित्रात कुठे किती टक्के उजेड आहे ते दाखवणारी मापं) उघडा. सावळ्या चेहऱ्याची उजळ बाजू पन्नास टक्क्यांच्या आसपास, सावलीची बाजू वीस ते पंचवीस. म्हणजे दोन स्टॉपचा फरक. चेहरा गोरा दिसावा म्हणून सत्तरवर नेऊ नका. लग्नात नवरीसाठी ते करावं लागतं, इथे त्याने कातडीचा पोतच जातो.

आणि टोपी! पांढरी टोपी आणि पांढरं धोतर सावळ्या चेहऱ्यापेक्षा अडीच-तीन स्टॉप जास्त उजळ असतात. चेहरा सावलीत आणि टोपी उन्हात असली तर फरक त्याच्याही पुढे जातो. फिल्म उजळ भागात हळूहळू वितळत पांढरी होते, डिजिटल सेन्सर एका रेषेवर धाडकन तुटतो. टोपीच्या जागी पांढरं भोक पडलं की कुठलाही लट ते भरून काढत नाही. इलाज कपड्यात आहे. पाच लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम चहा पावडर उकळा, गाळा, धुतलेल्या ओल्या टोप्या-धोतरं त्यात दहा मिनिटं बुडवून ढवळत राहा, पिळून सावलीत वाळवा. ढवळलं नाही तर डाग पडतात. डोळ्याला फारसं कळत नाही, कॅमेऱ्याला पांढरं पांढरंच दिसतं, पण घडीची रेघ, घामाची ओल, कापडाची वीण वाचते. घरातल्या चादरी, पडदे, नवी कोरी बनियनं, सगळ्यांना हाच उपाय.

घरातही तीच अडचण, भिंतीची. चुन्याने पांढरी भिंत नटाच्या चेहऱ्यापेक्षा उजळ असते आणि नट तिला टेकून बसलेला. तुमच्या चाचणीत बहुतेक हेच झालंय. भिंत चेहऱ्यापेक्षा एक-दोन स्टॉप खाली हवी. पिवळ्या मातीचा किंवा पातळ गेरूचा हात फिरवा, आणि नटाला भिंतीपासून निदान सहा-सात फूट पुढे आणा. फ्रेममधल्या गुलाबी प्लास्टिकच्या खुर्च्या, फ्लेक्सच्या कापडाचे पडदे, कंपनीचं नाव छापलेल्या पिशव्या बाहेर काढा. तीन-चार रंग ठरवा. मातीचा, केळीच्या पानाचा, लेकीच्या लुगड्याचा. ते पूर्ण सिनेमाभर सांभाळा. या कामाला पैसे लागत नाहीत, शूटिंगच्या आधी गावात चार दिवस राहावं लागतं.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात दिवसाचा प्रसंग असेल तर दिवा आत नेऊ नका, उजेड दारातून आणा. बाहेर उन्हात दोन बाय तीन फुटांचा आरसा एका माणसाच्या हातात द्या, त्याची तिरीप आत छताजवळ ताणलेल्या पांढऱ्या कापडावर मारा. कापडावरून जो उजेड खाली झिरपतो तो खोलीला अंगणातून आल्यासारखा वाटतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) साठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणून, खालून दिवे त्यावर उसळवून आकाशाचा उजेड तयार केला होता. तत्त्व तेच. आरशाची एकच खोड : सूर्य सरकतो तशी तिरीपही सरकते, वीस फुटांवर पाच मिनिटांत साधारण पाच इंच. म्हणून कापडाच्या मधोमध खडूची फुली मारा आणि आरसेवाल्याला प्रत्येक टेकआधी फुलीवर आणायला सांगा. नटाच्या डोळ्यात तिरीप जाणार नाही हे त्याच्याकडून वदवून घ्या.

एक रविवार काढून चाळीसगावला जाऊन या. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन तिथे आहे, त्यांच्या राहत्या घरातच. घराबाहेर फारसं न पडता, घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली, निव्वळ उजेड कुठून आणि किती येऊ द्यायचा या जाणिवेवर. आपल्याच मुलखात हे बघायला मिळतं आणि कॅमेरावाले जात नाहीत याचं वाईट वाटतं.

रात्रीच्या प्रसंगांबद्दल थोडक्यात. फ्रेममध्ये दिसणारे एलईडी बल्ब काढून ६० वॉटचे जुने पिवळे बल्ब लावा, डिमरवर. स्वस्त एलईडी डिमरवर थरथरतात. जनरेटरची वारंवारता भार बदलला की हलते, म्हणून त्यावर चालणाऱ्या प्रत्येक दिव्याचा दोन मिनिटांचा क्लिप काढून बघा. ट्यूबलाइट आणि बल्ब एकत्र नको. बॅलन्स ३२०० वर बांधा.

गिंबल (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) बाजूला ठेवा, जड तिपाई आणा. पॅन करताना एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद तरी लागावेत, नाहीतर २४ फ्रेमवर ती तुकड्यातुकड्याने उड्या मारते. ऑटोफोकस बंद, फोकसवर वेगळा माणूस आणि जमिनीवर खुणा. एफ १.८ चा मोह टाळा, पार्श्वभूमी पार विरघळली की गाव दिसत नाही. एफ ४ वर गाव मऊ दिसतं आणि फोकसही सापडतो. ३५ आणि ५० अशा दोन लेन्सवर सिनेमा काढा. वर-खाली काळ्या पट्ट्या लावून सिनेमा होत नाही. रुंद चौकट हवी असेल तर ती शूटिंगच्या वेळीच मॉनिटरवर आखून फ्रेम करा.

उन्हातल्या कॅमेऱ्याचंही बघा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. कॅमेऱ्यावर कायम पांढरी छत्री, मागची स्क्रीन बाहेर उघडी, टेक नसताना बंद. बंद गाडीत बॅटऱ्या ठेवू नका.

आवाजाला दीड लाखातला मोठा वाटा द्या. अहिराणी संवाद डबिंगमध्ये बेजान होतात, बोलण्यातला हेल परत येत नाही. जागेवरच घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेगळ्या रेकॉर्डरवर, बूम आणि कॉलर माइक दोन्ही. उन्हाळ्यात घराघरात कूलर असतो. टेकपुरता तो, फ्रिज आणि शेजारची मोटार बंद करायला एक गावातलाच माणूस नेमा, कारण परक्याच्या सांगण्यावरून भर दुपारी कोणी कूलर बंद करत नाही. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट रिकामा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये जोड लपवायला तोच लागतो.

आता लट. रिझॉल्व्हमध्ये कोडॅक २३८३ या प्रिंट फिल्मचे लट आधीच आहेत, विकत घेऊ नका. पण ते सिनिऑन लॉगसाठी (फिल्म स्कॅनच्या फिकट चित्रासाठी) बनवलेत. तयार रंगाच्या चित्रावर थेट टाकले तर काळा भाग ठेचला जातो आणि चेहरे विटकरी होतात. बहुतेक लोक इथेच फसतात आणि दोष लटला देतात. क्रम असा : शेवटून दुसऱ्या नोडवर (नोड म्हणजे रंगाच्या कामाची एक पायरी) कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, आत तुमच्या कॅमेऱ्याचा गॅमट (रंगांचा आवाका) आणि लॉग, बाहेर रेक ७०९ गॅमट आणि सिनिऑन फिल्म लॉग. शेवटच्या नोडवर २३८३, त्याचा ‘की आउटपुट’ (म्हणजे लटचा जोर) ०.६ च्या आसपास. एक्स्पोजर, बॅलन्स, हिरवं काढणं, सगळी दुरुस्ती या दोघांच्या आधीच्या नोडवर.

दिव्याभोवती फिल्मवर जी तांबूस झाक येते तिला हॅलेशन म्हणतात. उजेड फिल्मचे थर ओलांडून पाठीवरून परततो आणि परतताना सगळ्यात खालच्या, लाल रंगाच्या थराला पहिल्यांदा भिडतो, म्हणून ती झाक तांबडी. तयार इफेक्ट रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत आहे. फुकट आवृत्तीत उजळ भाग निवडा, ब्लर करा, तांबडा रंग द्या, लेयर मिक्सरमधून स्क्रीन मोडवर अगदी पुसट मिसळा. कळून आलं तर जास्त झालं. ३५ एमएम फिल्मच्या दाण्याची (ग्रेनची) क्लिप ओव्हरले मोडवर वीस-पंचवीस टक्के. दाणा शेवटी टाका, पण रंग त्यासकट बघून ठरवा. ओरखडे, थरथर, धुळीचे ठिपके नको. लोकांनी चांगला सिनेमा चांगल्या प्रिंटवरच पाहिला होता.

शूटिंगच्या महिनाभर आधी एक पूर्ण दिवस चाचणीला द्या. टोपीवाला म्हातारा, काळ्या सुती आणि काळ्या सिंथेटिक साडीतल्या दोघी, केळीची बाग, धाब्याची खोली, रात्रीचा बल्ब. प्रत्येकाची मिनिटभराची फुटेज आवाजासकट एडिट करा, रंग करा, आणि जवळच्या थिएटरमध्ये सकाळच्या खेळाआधी दहा मिनिटं पडदा मागून घ्या. मॉनिटरवर खोल वाटलेला काळा रंग तिथे राखाडी दिसेल, पुसट वाटलेला दाणा वाळूसारखा दिसेल. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या रांगेत बसून बघा, वहीत लिहा, आणि आकडे त्यावरून बदला.